फायरप्लेसमध्ये जुना लाकडाचा स्टोव्ह: चिमणी तपासण्यापासून पहिल्या जाळापर्यंत

उघडी फायरप्लेस दिसायला कितीही छान असली तरी खोली गरम करायच्या बाबतीत ती अगदीच उधळी. लाकडातली बहुतेक उष्णता सरळ वर जाते आणि जाता जाता खोलीतली गरम हवाही ओढून नेते. त्याच जागी बंद दाराचा लोखंडी स्टोव्ह बसवला की तेवढ्याच लाकडात कितीतरी जास्त ऊब मिळते, म्हणून बरेच जण कुठून तरी जुना स्टोव्ह मिळवतात आणि मग प्रश्न येतो की हा धूड त्या कोनाड्यात बसवायचा कसा. सगळं लक्ष स्टोव्हकडे असतं, रंग कुठला मारू, दाराची काच मिळेल का, वगैरे. पण पुढे जो काही त्रास होतो, धूर खोलीत येणं, डांबर साचणं, चिमणीत आग लागणं, तो बहुतेक वेळा चिमणीपायी होतो. त्यामुळे या लेखातही चिमणीचंच पुराण जास्त आहे, ते गाळून पुढे जाऊ नका.

सगळ्यात आधी: चिमणी खरी विटांची आहे का?

बाहेरून वीट दिसली म्हणजे चिमणी विटांचीच असते असं नाही. बऱ्याच घरांत फॅक्टरीतून आलेली पत्र्याची फायरप्लेस लाकडी चौकटीत बसवलेली असते आणि तिच्यावर फक्त दिसायला दगड-वीट लावलेली असते. टॉर्च घेऊन आत डोकं घाला, बाजूच्या भिंती पत्र्याच्या दिसल्या, वर जाणारा पाइप गोल धातूचा दिसला, कुठे कंपनीची नावपट्टी दिसली, तर थांबा. अशा डब्यासाठी त्याच्या कंपनीने परवानगी दिलेलाच स्टोव्ह चालतो, कुठूनही उचलून आणलेला जुना स्टोव्ह नाही, कारण त्या पत्र्याच्या मागे थोड्याच अंतरावर लाकूड असतं. हा लेख विटांच्या, गवंड्याने बांधलेल्या चिमणीपुरताच आहे.

दुसरी गोष्ट परवानगीची. हे कंटाळवाणं आहे पण सामान विकत घेण्याआधीच करायचं. बऱ्याच ठिकाणी स्टोव्ह बसवायला बांधकाम खात्याची परवानगी लागते, आणि घराचा विमा असेल तर त्यांना न सांगता बसवलेल्या स्टोव्हमुळे काही झालं तर ते हात वर करू शकतात. अमेरिकेत १९८८ पासून लाकडाच्या स्टोव्हच्या धुरावर ईपीएची, म्हणजे तिथल्या पर्यावरण संस्थेची, मर्यादा आहे, २०२० पासून तर नवीन स्टोव्हला तासाला २ ग्रॅमच्या आसपासच मुभा आहे, आणि वॉशिंग्टन किंवा ओरेगनसारख्या राज्यांत सर्टिफिकेट नसलेला जुना स्टोव्ह बसवणंच बेकायदा आहे. तुमच्याकडे काय नियम आहेत ते विचारून घ्या, नाहीतर सगळं काम झाल्यावर स्टोव्ह उचलून बाहेर ठेवायची वेळ येते.

स्टोव्ह तपासणं

स्टोव्ह घरात आणायच्या आधी अंगणात किंवा गॅरेजमध्येच उघडून बघा. बिडाचा असेल तर तडे शोधायचे, पत्र्याच्या जाड प्लेटचा असेल तर वेल्डिंगच्या रेषा बघायच्या. तडे शोधायची सोपी युक्ती म्हणजे अंधार झाल्यावर आत जोराचा टॉर्च पेटवून ठेवायचा, दार बंद करायचं आणि बाहेरून चारी बाजूंनी फिरून बघायचं, जिथून उजेड झिरपतो तिथून हवाही आत जाणार. जोडांमधून उजेड आला तर घाबरू नका, बिडाचे स्टोव्ह तुकडे एकमेकांवर बसवून मध्ये फायर सिमेंट भरून केलेले असतात आणि ते सिमेंट वर्षानुवर्षांच्या तापण्याने गळून पडतं, ते काढून नवीन भरता येतं (पण आधी खालची ॲस्बेस्टॉसची सावधगिरी वाचा). पण बिडाच्या सलग पृष्ठभागात आरपार तडा असेल, किंवा वरची प्लेट तापून तापून वाकली असेल, तर माझं मत सरळ आहे, तो स्टोव्ह सोडून द्या. बीड वेल्ड करणं सोपं काम नाही आणि वेल्ड केलेलं पुन्हा तिथेच तडकण्याची शक्यता जास्त.

आतल्या बाजूला भट्टीच्या विटा असतात. एखाददुसरी तडकलेली असेल आणि जागेवर घट्ट बसलेली असेल तर चालते, भुगा झालेली किंवा गायब असलेली बदलायची. आणि वरच्या बाजूला बॅफल प्लेट आहे का बघा, म्हणजे धूर सरळ पाइपात न जाता आधी पुढे येऊन वळून जावा म्हणून लावलेली आडवी प्लेट. जुन्या स्टोव्हमध्ये ही हमखास जळून गेलेली किंवा कुणीतरी काढून टाकलेली असते. ती नसली तर ज्वाळा थेट पाइपात शिरतात, पाइप लाल होतो आणि खोली थंडच राहते.

दाराची दोरी, म्हणजे रोप गॅस्केट, जवळजवळ नेहमीच बदलावी लागते. इथे एक सावधगिरी: जुन्या स्टोव्हमधली पांढरट दोरी, जुनं सिमेंट किंवा मागचं पॅनल यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. सुकं खरवडू नका, घासू नका, तारेचा ब्रश फिरवू नका. शंका असेल तर आधी नमुना तपासून घ्या आणि ॲस्बेस्टॉस निघालं तर ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

नवीन दोरी बसवताना जाडी जुन्या खाचेप्रमाणे घ्यायची, साधारण ३/८ किंवा १/२ इंच लागते. दोरी ताणून चिकटवू नका, ताणली की बारीक होते आणि दार ढिलं बसतं. खाचेत सिमेंटची बारीक रेघ ओढायची, दोरी नुसती दाबत दाबत न्यायची, दोन्ही टोकं एकमेकांना भिडवायची आणि दार बंद करून एक रात्र तसंच ठेवायचं. मग कागदाची नोट घ्या, दारात अर्धी आत अर्धी बाहेर धरून दार लावा आणि ओढा. घट्ट लागली पाहिजे. दाराच्या चारी बाजूंना असं करत जा, जिथे नोट सहज सरकते तिथे हवा शिरणार, तिथे बिजागरी किंवा कडी ॲडजस्ट करा.

स्टोव्हच्या मागे किंवा खाली धातूची पट्टी असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. त्यावर कुठल्या लॅबने तपासलाय आणि लाकडी भिंतीपासून किती अंतर ठेवायचं हे लिहिलेलं असतं. पट्टीच नसेल तर कडक नियम लागतो, तो पुढे येतोच.

चिमणी तपासणं, आणि ती आधी साफ करणं

घाण चिमणीत काहीच दिसत नाही, म्हणून आधी ब्रश मारून ती पूर्ण झाडून घ्या. डॅम्परच्या, म्हणजे चिमणीच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या झडपेच्या, मागे एक कट्टा असतो, त्याला स्मोक शेल्फ म्हणतात, तिथे काजळी, वाळकी पानं, पक्ष्यांची घरटी आणि पडलेले विटांचे तुकडे साचलेले असतात. ते सगळं हाताने काढावं लागतं, चांगला मास्क आणि गॉगल घालूनच.

मग वरून आणि खालून दोन्हीकडून बघायचं. आतला मातीच्या टाइलचा थर तडकलाय का, टाइलच्या सांध्यातला चुना गळलाय का, कुठे टाइल सरकून कड पुढे आलीय का. जुन्या घरांत आत टाइल नसतातच, नुसती वीट असते, आणि अशा चिमणीत स्टोव्ह सोडायचा तर लायनर, म्हणजे चिमणीच्या आतून सोडायचा धातूचा पाइप, हवा तर घाला असं नाही, तो घालावाच लागतो. काजळी फुगून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी झालेली दिसली, किंवा टाइलमध्ये उभे लांब तडे दिसले, तर आधी कधीतरी इथे चिमणीत आग लागून गेली असण्याची दाट शक्यता. तेव्हा मात्र कॅमेरा घालून तपासणारा माणूस बोलवा, हे टॉर्चने बघून ठरवायचं काम नाही.

पोटमाळ्यावर जाऊन चिमणी जिथून छप्पर ओलांडते तिथेही बघा. विटेला लाकडी तुळया अगदी टेकलेल्या असतील तर ते लक्षात ठेवा, लायनरला इन्सुलेशन घालायचं की नाही हे त्यावर ठरतं. आणि एका धुरमार्गावर एकच आग. खाली बॉयलर किंवा दुसरी शेगडी त्याच मार्गाला जोडलेली असेल तर हा प्लॅन इथेच थांबवा.

आकाराचं गणित, म्हणजे सगळ्या भानगडीचं मूळ

आता नीट वाचा, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. उघड्या फायरप्लेसची चिमणी मुद्दाम मोठी बांधलेली असते, कारण तिला धुराबरोबर खोलीतली भरपूर हवा वाहून न्यायची असते. बंद स्टोव्ह मात्र खूप कमी हवा घेतो आणि त्याचा धूरही थोडा आणि हळू जाणारा. हा थोडासा धूर त्या प्रचंड बोगद्यात सोडला की तो पसरतो, रेंगाळतो आणि थंड होतो. साधारण १२० अंश सेल्सियसच्या खाली गेला की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्यं भिंतीवर जमायला लागतात, उकळत्या भांड्याच्या झाकणाला आतून पाणी धरतं तसंच. हे जमलेलं डांबर म्हणजे क्रिओसोट, आणि ते पेटतं. चिमणीतल्या आगीचं तापमान ११०० अंशापर्यंत जाऊ शकतं.

आकडे मांडून बघू. स्टोव्हच्या मागचं धुराचं तोंड ६ इंचाचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस इंच. ८ इंचाचं असेल तर साधारण ५०. आता फायरप्लेसची टाइल आतून ११ बाय ११ इंच धरली तर ते झालं १२१ चौरस इंच, म्हणजे ६ इंची तोंडाच्या चौपटीहून जास्त. अमेरिकेतल्या एनएफपीए २११ या मानकात नियम असा आहे की चिमणी पूर्ण घराच्या आत असेल तर धुरमार्ग स्टोव्हच्या तोंडाच्या तिपटीपेक्षा मोठा नको, आणि चिमणीची एक जरी बाजू बाहेरच्या थंडीला उघडी असेल तर दुपटीपेक्षा मोठा नको. ६ इंची तोंडाचं वरचं उदाहरण दोन्हीत नापास. म्हणूनच सांगतोय की स्टोव्ह आत ढकलून त्याचं तोंड फायरप्लेसकडे मोकळं सोडून देणं हा प्रकार करूच नका. पूर्वी असे हजारो स्टोव्ह बसवले गेले, डांबर स्मोक शेल्फवर आणि स्टोव्हच्या मागे साचत राहायचं आणि साफ करायला पूर्ण स्टोव्ह बाहेर ओढावा लागायचा, म्हणून कुणी साफच करायचं नाही.

दुसरा एक अर्धवट उपाय लोक करतात, डॅम्परमधून छोटा पाइप काढून पहिल्या टाइलपर्यंत न्यायचा आणि तिथे सोडून द्यायचा. आकाराचं गणित बसत असेल आणि टाइल धडधाकट असतील तर नियमात बसतं, पण माझ्या मते एवढा खटाटोप करायचाच तर लायनर थेट वरपर्यंत न्या. चिमणीची ओढ चांगली मिळते, डांबर कमी होतं आणि झाडणं सोपं होतं, ब्रश वरून घातला की सगळं खाली स्टोव्हमध्ये येतं.

लायनर कुठला घ्यायचा

लाकडाच्या स्टोव्हसाठी स्टेनलेस स्टीलचा, ३१६ टीआय किंवा ३०४ ग्रेडचा, वाकणारा लायनर सगळ्यात जास्त वापरला जातो. कोळसा जाळायचा असेल तर वेगळा ग्रेड लागतो कारण त्यातला गंधक साधं स्टेनलेस खाऊन टाकतो. ॲल्युमिनियमचा लायनर गॅससाठी असतो, लाकडाला तो चुकूनही नको. व्यास स्टोव्हच्या तोंडाइतकाच, ८ इंची तोंडाला ६ इंची लायनर लावून पैसे वाचवायचा विचार करू नका, धूर दारातून खोलीत येईल.

इन्सुलेशन घालायचंच, निदान चिमणी बाहेरच्या भिंतीवर असेल, टाइल तडकलेली असेल किंवा विटेला लाकूड टेकलेलं असेल तर त्यात सूट नाही. अर्ध्या इंचाची सिरॅमिक फायबरची चादर लायनरभोवती गुंडाळून वरून स्टेनलेसची जाळी चढवतात. किंवा लायनर आत सोडल्यावर बाजूच्या पोकळीत व्हर्मिक्युलाइट आणि सिमेंटचं मिश्रण ओततात. चादर गुंडाळली की ६ इंची लायनर साधारण साडेसात इंचाचा होतो, आणि तो आत जाईल का हे आधी बघायला हवं. त्यासाठी तेवढ्याच जाडीचा दोनेक फुटांचा पाइपचा तुकडा किंवा पुठ्ठ्याचा नळा करा, दोरीला बांधा आणि वरून खालपर्यंत सोडून बघा. अडकला तर कुठे अडकला ते दोरीवर खूण करून मोजता येतं. चारशे किलोमीटर लांबून मागवलेला लायनर छतावर उभं राहून अर्ध्यात अडकला तर त्यापेक्षा हा पुठ्ठ्याचा नळा फार स्वस्त पडतो.

लांबी मोजायला ओळंबा सोडा. चिमणीच्या डोक्यापासून स्टोव्हच्या तोंडापर्यंतचं माप घ्या, वर आणि खाली मिळून फूट-दीड फूट जास्त धरा. जास्तीचं कापता येतं, कमी पडलं तर जोड द्यावा लागतो.

चिमणीची उंचीही याच वेळी बघून घ्या. छपरातून जिथे बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या परिघात जे काही आहे त्याच्यापेक्षा २ फूट उंच, हा नेहमीचा हिशोब. स्टोव्हपासून टोकापर्यंत एकूण १५ फूट तरी हवेत, त्याहून कमी असेल तर ओढ मंद राहते.

अंतरं आणि हर्थ

पट्टी नसलेल्या, म्हणजे तपासणीचा पुरावा नसलेल्या स्टोव्हपासून जळू शकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला ३६ इंच अंतर हवं, भिंत, लाकडी मॅन्टल (फायरप्लेसवरची फळी), पडदे, सोफा, सगळं त्यात आलं. साध्या एकेरी पाइपपासून १८ इंच. फायरप्लेसच्या आतली वीट जळत नाही, पण तिच्या बाजूच्या प्लास्टरमागे लाकडी चौकट असू शकते हे विसरू नका. अंतर पुरत नसेल तर भिंतीपुढे १ इंच पोकळी ठेवून पत्र्याचा किंवा सिमेंट बोर्डाचा पडदा उभा करायचा, खाली आणि वर हवा खेळायला जागा सोडायची, म्हणजे अंतर १२ इंचापर्यंत कमी करता येतं. पडदा भिंतीला थेट चिकटवला तर त्याचा उपयोग नाही, सगळी कमाल त्या मागून वाहणाऱ्या हवेची आहे.

दाराच्या पुढे किमान १८ इंच न जळणारी जमीन, म्हणजे हर्थ, लागते, कारण दार उघडताच निखारा बाहेर उडतो. स्टोव्ह कोनाड्यातून थोडा बाहेर आणून ठेवणार असाल तर जुना हर्थ अपुरा पडतो, पुढे वाढवावा लागतो. आणि एक विचित्र गोष्ट, काही जुन्या घरांत हर्थच्या खाली बांधकामाच्या वेळी टेकू म्हणून लावलेल्या लाकडी फळ्या कुणी काढलेल्याच नसतात. तळघर असेल तर खालून एकदा बघून घ्या.

स्टोव्ह आत ठेवायचा की पुढे, हा प्रश्न सगळे विचारतात. धुराचं तोंड मागच्या बाजूला असेल आणि हर्थ पुरत असेल तर पुढे ओढून ठेवा. पूर्ण आत ढकललेला स्टोव्ह आधी तिन्ही बाजूंच्या विटा तापवतो, मग उरलं तर तुम्हाला. चिमणी बाहेरच्या भिंतीवर असेल तर ती उष्णता थेट अंगणात जाते.

लायनर आत सोडणं

आधी डॅम्परची प्लेट काढा. बहुतेक वेळा तिची चौकट अरुंद असते आणि गोल लायनर जात नाही, मग ग्राइंडरने चौकटीचा थोडा भाग कापावा लागतो. ते जमत नसेल तर लायनरचा खालचा भाग अंडाकृती दाबून घेता येतो, कंपनीकडूनच तसा मागवलात तर उत्तम.

हे दोघांचं काम आहे, एक छतावर आणि एक खाली. वारा असेल त्या दिवशी करू नका, आणि छतावरच्या माणसाला दोर बांधलेला हवा. जमिनीवर लायनर सरळ पसरायचा, चादर आणि जाळी तिथेच चढवायची, लायनरवर बाण असेल तर तो धुराच्या दिशेने म्हणजे वर. खालच्या टोकाला ओढायचा शंकू लावायचा, त्याला दोरी बांधायची आणि ती दोरी चिमणीतून खालच्या माणसाकडे द्यायची. वरचा माणूस हळूहळू सोडतो, खालचा दिशा देतो, ओढ म्हटल्यावरच ओढायचं. अडकला तर जोर लावू नका, थोडा वर घ्या, पाव वेढा फिरवा, पुन्हा सोडा. जोर लावला की चादर फाटते किंवा लायनर मुडपतो आणि ते वरून दिसतही नाही.

खाली मागच्या तोंडाच्या स्टोव्हला टी (इंग्रजी T आकाराचा जोड) जोडतात, टीच्या खाली झाकण असतं ते झाडताना उघडायला. वरच्या तोंडाच्या स्टोव्हला सरळ किंवा ३०-४५ अंशाच्या बाकाने जोडतात. ९० अंशाचा बाक शक्यतो टाळा.

वर टॉप प्लेट हाय-टेम्परेचर सिलिकॉनवर बसवायची, तिच्या क्लॅम्पमध्ये लायनर आवळायचा आणि वर टोपी लावायची. टोपीला जाळी असेल तर मोठ्या भोकांची घ्या, बारीक जाळी काजळीने बुजते आणि मग लोक महिनाभर धूर का येतोय म्हणून खाली शोधत बसतात.

खालचं भोक बंद करणं

हे काम लोक हमखास सोडून देतात आणि मग स्टोव्ह तापतो पण खोली तापत नाही म्हणून तक्रार करतात. डॅम्परच्या जागेवर पत्र्याची ब्लॉक-ऑफ प्लेट लावली नाही तर स्टोव्हची उष्णता लायनरच्या बाजूच्या मोकळ्या जागेतून सरळ वर निघून जाते. आधी पुठ्ठ्यावर जागेचा आकार काढा, विटा कधीच काटकोनात नसतात त्यामुळे हा पुठ्ठा चार-पाच वेळा कातरावा लागतो, मग त्यावरून ०.६ ते ०.८ मिमी जाडीचा पत्रा दोन तुकड्यांत कापा म्हणजे लायनरच्या दोन्ही बाजूंनी बसवता येतो. कडा खाली वळवून विटेत स्क्रूने पक्क्या करा, फटी फायर सिमेंटने भरा. प्लेटच्या वर मिनरल वूल, म्हणजे दगडी लोकर, ठासून भरा. साधी गुलाबी-पिवळी ग्लासवूल इथे नको, तिच्यातला चिकट पदार्थ तापला की जळतो आणि वास सुटतो.

स्टोव्ह जागेवर आणि जोडणी

स्टोव्ह १५०-२०० किलोचा सहज असतो. दार, विटा, वरची झाकणं जे निघेल ते काढा, मग लोखंडी पाइपचे दोन-तीन तुकडे खाली रोलर म्हणून घालून ढकला. बिडाचे पाय आडवा जोर लागला की तुटतात, म्हणून पायांवर घसरवू नका.

जोडपाइप काळ्या स्टीलचा, साधारण ०.६ मिमीचा. गॅल्वनाइज्ड पाइप वापरू नका, तापल्यावर जस्ताचा विषारी धूर निघतो. पाइपचं बारीक केलेलं टोक नेहमी खाली, स्टोव्हच्या दिशेने. हे बघायला उलटं वाटतं, धूर वर जातो मग टोक वर का नाही, पण प्रश्न धुराचा नाही, ओघळणाऱ्या डांबराचा आहे. टोक खाली असलं की ओघळ आतल्या आत स्टोव्हमध्ये परत जातो, उलटं लावलं की पाइपच्या बाहेरून काळे ओघळ येतात. प्रत्येक जोडाला तीन स्क्रू. आडवा भाग असेल तर दर फुटाला पाव इंच चढ द्या.

पहिला जाळ

सिमेंटला निदान एक दिवस वाळू द्या. धुराची आणि सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) अलार्म आधी लावा, नंतर नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि ओढ उलटी झाली तर तो खोलीतच भरतो.

आधी स्टोव्हमध्ये कागदाचा बोळा पेटवून दार थोडं उघडं ठेवून बघा, धूर वर ओढला जातोय का. प्रत्येक जोडाजवळ पेटती उदबत्ती धरा, तिचा धूर फटीकडे खेचला गेला तर तिथून हवा आत शिरतेय. धूर परत खोलीत येत असेल तर खिडकी किंचित उघडून बघा आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद करा. नुसत्या खिडकीने फरक पडला तर चिमणीचा दोष नाही, घर हवाबंद आहे आणि स्टोव्हला बाहेरून हवेची सोय करावी लागेल.

काही जुन्या बिडाच्या स्टोव्हमध्ये तळाशी इंचभर वाळू किंवा राख लागते, ती घाला. मग पहिले काही जाळ लहान, काटक्या आणि एखादी ढलपी एवढेच, आणि मध्ये स्टोव्ह पूर्ण थंड होऊ द्या. बीड एकदम तापवलं तर तडकतं. नवीन रंग मारला असेल तर त्याचा उग्र वास येईल, खिडक्या उघड्या ठेवा आणि लहान मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

रोजचं चालवणं आणि झाडणं

पाइपवर चुंबकाचा थर्मामीटर लावा, एकेरी पाइपच्या बाहेरच्या पृष्ठभागावर साधारण ११५ ते २४५ अंशात काटा राहिला की ठीक. सतत खाली राहत असेल तर डांबर तयार होतंय, वर जात असेल तर हवा कमी करा. रात्री भरपूर लाकूड भरून हवा अगदी बंद करून झोपायची जी जुनी सवय आहे ती सोडा, त्या रात्रभर धुमसण्यातच सगळ्यात जास्त क्रिओसोट होतं. लाकूड २० टक्क्यांपेक्षा कमी ओलाव्याचं हवं, मीटर असेल तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर लावून बघा, बाहेरून लावलात तर आकडा खोटाच येणार. रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड, प्लायवूड, घरातला कचरा यातलं काही घालू नका.

पहिल्या हिवाळ्यात महिन्यातून एकदा आत डोकावून बघा, आपला स्टोव्ह किती काजळी करतो हे कळेपर्यंत. थर ३ मिलिमीटर झाला की झाडायचाच, सीझन संपायची वाट बघायची नाही. स्टेनलेस लायनरला प्लास्टिकचा पॉली ब्रश वापरा, लोखंडी तारेचा नको.

आणि कधी चिमणीतून घरघर किंवा गडगड असा मोठा आवाज आला, पाइप थरथरायला लागला, तर स्टोव्हचं दार आणि हवेची सगळी भोकं बंद करा, घरातल्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन लावा. पाणी ओतू नका, एकदम वाफ होऊन भाजतं आणि तापलेलं बीड तडकतं. आग विझली तरी चिमणी तपासून झाल्याशिवाय पुन्हा पेटवायचं नाही.

राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत काढा आणि बादली घराबाहेर काँक्रीटवर ठेवा. वरून थंडगार दिसणाऱ्या राखेत दोन-तीन दिवसांनीही निखारे जिवंत असतात, त्यामुळे प्लास्टिकच्या पिशवीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा लाकडी डेकवर नको.